नॅस्कारमध्ये धक्का चालतो, मग पेनल्टी नक्की कधी लागते?

उजवीबाजू_भिंत
प्रश्न सरळ आहे. नॅस्कार या अमेरिकन मोटार शर्यतींत मार्टिन्सव्हिल, ब्रिस्टल, रिचमंड अशा लहान ट्रॅकवर पुढच्या गाडीला बंपर लावून बाजूला सारणं हा खेळाचाच भाग मानला जातो, समालोचकही त्याचं कौतुक करतात. मग ऑगस्ट 2024 मध्ये रिचमंडला ड्रायव्हर ऑस्टिन डिलनने शेवटच्या लॅपमध्ये (फेरीत) आधी लोगानोला आणि मग हॅमलिनला उडवलं तेव्हा एवढी मोठी कारवाई का झाली? कारवाई करायचीच होती तर विजय का काढून घेतला नाही? एकाला निलंबन, दुसऱ्याला नुसते पॉइंट कापणं, तिसऱ्याला काहीच नाही, यामागे काही नियम आहे की त्या आठवड्याचा मूड? आणि अपील केल्यावर खरंच काही बदलतं का?

चौथंवळण
एकच जोडी घ्या, बरंच उलगडेल. ऑक्टोबर 2015, कॅन्सस. शेवटच्या काही लॅप उरलेल्या असताना लोगानोने आघाडीवरच्या केन्सेथला मागून लावलं, केन्सेथ फिरला, लोगानो जिंकला. कारवाई शून्य. दोन आठवड्यांनी मार्टिन्सव्हिलला कित्येक लॅप मागे असलेल्या केन्सेथने आघाडीवरच्या लोगानोला थेट भिंतीत नेलं. दोन शर्यतींचं निलंबन. पहिल्या प्रसंगात मागचा माणूस त्याच जागेसाठी लढत होता. दुसऱ्यात केन्सेथला त्या धक्क्यातून एकही क्रमांक मिळणार नव्हता, फक्त हिशोब चुकता करायचा होता. अधिकारी सगळ्यात आधी हेच बघतात.

त्यानंतर बघतात धक्का गाडीच्या कुठल्या कोपऱ्याला लागला ते. वळणात शिरताना ड्रायव्हर ॲक्सिलरेटर सोडून ब्रेक लावतो, वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात. त्या क्षणी मागच्या बंपरला हलकासा धक्का बसला तरी गाडी लूज होते (मागून घसरते), सावरता सावरता एक लेन वर सरकते आणि मागचा आतून निघून जातो. हा झाला बंप अँड रन. मागच्या डाव्या कोपऱ्याला जास्त जोरात लावलं तर शेपूट उजवीकडे जातं, नाक डावीकडे, गाडी आतल्या बाजूला गिरकी घेते. वाईटच, पण बहुतेक वेळा ड्रायव्हर आपल्या पायांनी चालत परत येतो.

राइट हूकचं गणित वेगळं. यात हल्ला करणारा बाहेरच्या बाजूला असतो. तो डावीकडे वळून आपलं डावं नाक समोरच्याच्या मागच्या उजव्या कोपऱ्यात घालतो. शेपूट डावीकडे, नाक उजवीकडे, आणि गाडी जवळपास सरळ बाहेरच्या भिंतीवर. वेग कमी व्हायला गिरकीसुद्धा मिळत नाही. सेफर बॅरियर (धक्का शोषणारी भिंत) असली तरी समोरून बसलेला मार तो समोरूनच. म्हणून ऑक्टोबर 2022 मध्ये लास व्हेगासला लार्सनला असं उडवल्यावर बब्बा वॉलेसला, आणि मे 2023 मध्ये शार्लटला हॅमलिनला उडवल्यावर चेस एलियटला एकेका शर्यतीचं निलंबन झालं.

रिचमंडकडे आता याच नजरेने बघा. तिसऱ्या वळणात लोगानोला मागून ठोकलं, तेवढंच असतं तर माझ्या मते पॉइंटवर निभावलं असतं. पुढच्याच वळणात हॅमलिन आतून घुसला आणि डिलनने त्याला उजव्या मागच्या कोपऱ्यात धरलं. एका लॅपमध्ये दोन, त्यातला दुसरा हूक, आणि त्यावर मिळालेला विजय थेट प्लेऑफचं, म्हणजे हंगामाअखेरच्या विजेतेपदाच्या फेऱ्यांचं तिकीट.

थ्रॉटलट्रेस
वरचं बरोबर, पण "मुद्दाम केलं" हे सिद्ध कसं करतात ते राहिलं. कप मालिकेत (नॅस्कारची सर्वोच्च मालिका) प्रत्येक गाडीचा वेग, थ्रॉटल, ब्रेक आणि स्टिअरिंग यांची माहिती नोंदली जाते आणि सगळ्या टीमना ती बघताही येते. तीन रेषा एकाखाली एक लावायच्या. आदल्या लॅपमध्ये ॲक्सिलरेटर कुठे सोडला आणि या लॅपमध्ये किती पुढे जाऊन सोडला. ब्रेकचा दाब नेहमीएवढा होता का. स्टिअरिंग ट्रॅकच्या वळणापेक्षा जास्त डावीकडे गेलं का. शिवाय रेडिओवरचं बोलणं असतंच. रिचमंडला डिलनच्या स्पॉटरचा (उंचावरून बघून रेडिओवर ड्रायव्हरला सांगणारा माणूस) "त्याला ठोक" अशा अर्थाचा आवाज सगळ्यांनी ऐकला, आणि कारवाई त्या स्पॉटरवरही झाली.

"स्टिअरिंग तुटलं होतं" हा बचाव वॉलेसनेही दिला होता, एलियटनेही तसाच काहीसा सूर लावला होता. तो टिकत नाही याचं कारण यांत्रिक आहे. उजवी बाजू भिंतीला घासली की मार बसतो उजव्या पुढच्या चाकाच्या टो लिंकला (चाकाची दिशा धरणारा दांडा). ती वाकलेली गाडी सहसा डावीकडे वळायला तयारच नसते, वर भिंतीकडे सरकत राहते. तीच गाडी दोन लेन खाली येऊन नेमक्या एका गाडीचा कोपरा गाठते, हे कुणाला पटणार?

एक दुरुस्ती मात्र सुचवतो. प्रत्येक हूकला निलंबन होतंच असं नाही. मार्च 2025 मध्ये ऑस्टिन शहरातल्या सर्किटवर सिंड्रिकने टाय डिलनला हूक केलं, तरी 50 पॉइंट आणि 50,000 डॉलरवर सुटला. वेग कमी होता, यलोही (शर्यत संथ करणारा पिवळा झेंडा) आला नाही, असं कारण दिलं गेलं. माझं मत विचाराल तर हे घसरणं आहे. शिक्षा कृतीला द्यायची की परिणामाला, हे एकदा ठरवायला हवं.

उजवीबाजू_भिंत
कोपऱ्याचा मुद्दा समजला. पण विजय का काढला नाही? आणि अपिलाचं काय?

नियमपुस्तक
विजय काढून घेण्याची पद्धत 2019 पासून आहे, पण ती शर्यतीनंतरच्या तांत्रिक तपासणीसाठी. जुलै 2022 मध्ये पोकोनोला हॅमलिन आणि काइल बुश, पहिला आणि दुसरा, दोघेही बाद झाले आणि विजय एलियटकडे गेला. वागणुकीच्या बाबतीत निकाल तसाच ठेवून त्याचा फायदा काढून घेतात. डिलनकडे करंडक राहिला, पण प्लेऑफचा प्रवेश गेला आणि ड्रायव्हर व टीम मालक दोघांचे 25-25 पॉइंट कापले. लोगानोलाही शर्यत संपल्यावर पिट रोडवर (गाड्या थांबवण्याच्या रस्त्यावर) माणसांजवळ टायर फिरवले म्हणून 50,000 डॉलर दंड झाला, हे बरेच जण विसरतात.

आता अपील. शर्यत चालू असताना दिलेल्या शिक्षेवर, म्हणजे पिट रोडवरचा वेग, रीस्टार्टची चूक, ट्रॅकच्या आतल्या काठावरच्या दुहेरी पिवळ्या रेषेखालून पुढे जाणं, यावर अपील नाही. तिथे रेस कंट्रोल, म्हणजे शर्यत चालवणारे अधिकारी, म्हणेल तेच अंतिम. शर्यतीनंतरच्या दिवसांत जाहीर होणाऱ्या शिक्षेवर तीन सदस्यांच्या पॅनलकडे जाता येतं आणि त्यानंतर अंतिम अपील अधिकाऱ्याकडे. डिलनची टीम दोन्ही ठिकाणी गेली. प्लेऑफचा प्रवेश कुठेच परत मिळाला नाही. स्पॉटरचं तीन शर्यतींचं निलंबन पॅनलने एकावर आणलं, एवढीच कमाई.

पण अपील म्हणजे नुसता देखावा असंही नाही. सप्टेंबर 2022 मध्ये टेक्सासला यलो चालू असताना बायरनने हॅमलिनला मागून ढकलून फिरवलं. रेस कंट्रोलला ते वेळेत दिसलंच नाही. दोन दिवसांनी 25 पॉइंट आणि 50,000 डॉलर. पॅनलने पॉइंट परत दिले, दंड दुप्पट करून एक लाख केला, आणि त्या पॉइंटच्या जोरावर बायरन पुढच्या फेरीत गेला. पैसे टीमला परवडतात, पॉइंट परवडत नाहीत. अपील करताना सगळा जोर पॉइंटवर का असतो ते यातून कळेल.

आणि तोंड बंद ठेवणं हेसुद्धा कौशल्यच. मार्च 2023 मध्ये फिनिक्सला हॅमलिनने चॅस्टेनला भिंतीकडे नेलं, त्यावर काहीच झालं नव्हतं. मग स्वतःच्या पॉडकास्टवर त्याने ते मुद्दाम केल्याचं सांगितलं. 25 पॉइंट, 50,000 डॉलर, अपीलही हरला.

शेवटचीलॅप
धक्क्यांबद्दल बोलताना मार्टिन्सव्हिल 2024 सुटू नये, कारण तिथे न मारलेल्या धक्क्यांवर शिक्षा झाली. अंतिम फेरीच्या जागेसाठी बायरन आणि बेल यांच्यात चुरस होती. बायरनच्या मागे चॅस्टेन आणि डिलन समांतर चालत राहिले, त्याला ओलांडायचा प्रयत्नच केला नाही. तिकडे वॉलेस हळू झाला आणि बेलला एक जागा मिळाली. तिन्ही टीमवर 50 पॉइंट, दंड आणि क्रू चीफ, स्पॉटर, अधिकारी यांची निलंबनं. बेल शेवटच्या वळणात भिंतीला टेकून आला. चॅस्टेनने 2022 मध्ये याच ट्रॅकवर ती युक्ती करून पाच गाड्या मागे टाकल्या होत्या आणि त्यानंतर नॅस्कारने ती बंद केली होती. म्हणून बेलला निकालात खाली ढकललं, बायरन अंतिम फेरीत.

@थ्रॉटलट्रेस, सिंड्रिकबाबत एक गोष्ट धरा. 2025 पासून निलंबित ड्रायव्हरला प्लेऑफमध्ये येता आलं तरी नियमित हंगामातले प्लेऑफ पॉइंट गमवावे लागत होते. म्हणजे एका शर्यतीचं निलंबन पूर्वीपेक्षा खूप महाग झालं होतं, आणि शिक्षा महाग झाली की देणाऱ्याचा हात आखडतो.

थ्रॉटलट्रेस
हा मुद्दा मान्य. तरी मूळ दुखणं "एक विजय म्हणजे प्लेऑफ" हेच होतं. रिचमंडला डिलन गुणतक्त्यात तिशीच्याही खाली होता. शेवटच्या लॅपमध्ये गमवण्यासारखं त्याच्याकडे काहीच नव्हतं. 2026 पासून ते थेट तिकीट रद्द झालंय, पहिले सोळा गुणांवरच ठरणार, विजयाचे गुण मात्र 40 वरून 55 केलेत. तळातल्या ड्रायव्हरचं गणित त्याने बदलेल. पंधराव्या-सोळाव्या जागेवरचा मात्र आता जास्त जोरात लावेल असं वाटतं.