रोजचं पॉकेट कार्टून घेऊ का? करारात 'सर्व हक्क' लिहिलंय

शाईचा_डाग:
नमस्कार. जेजे अप्लाइड आर्ट कॉलेजातून पास होऊन दोन वर्षं झाली, सध्या लोअर परळला एका एजन्सीत स्टोरीबोर्ड काढते. पगार वेळेवर होतो, तक्रार काही नाही. पण मला राजकीय व्यंगचित्रंच काढायचीयत, अगदी पहिल्यापासून. बाबांनी आर. के. लक्ष्मण यांची पॉकेट कार्टून्स, म्हणजे पेपरातली एका कॉलमाची छोटी व्यंगचित्रं, कापून एका फाइलीत लावून ठेवलीयत, शाळेत असताना मी ती खिडकीच्या काचेवर धरून गिरवायचे.
आता एका मराठी पेपरकडून विचारणा आलीय. आठवड्याला सहा पॉकेट कार्टून्स, शिवाय रविवार पुरवणीत लेखासोबत एक मोठं चित्र. नोकरी नाही, फ्रीलान्स, आणि मानधन आत्ताच्या पगाराच्या निम्म्याहून जरा जास्त. करारात एक ओळ आहे की सर्व चित्रांचे सर्व हक्क कायमस्वरूपी कंपनीकडे राहतील. ही ओळ सगळ्यांच्याच करारात असते का?
दुसरं म्हणजे रोज सुचतं कसं? मला कधी एका दिवसात तीन कल्पना येतात आणि मग आठवडाभर एक नाही. नेत्यांचे चेहरेही अजून नीट पकडीत येत नाहीत, घरच्यांना दाखवलं की "हा कोण?" विचारतात. आणि आई घाबरलीय, म्हणते कोणी दारात आलं तर काय करशील. तिला काय सांगू?

जुनी_निब:
आधी सुचण्याचं सांगतो, कारण या कामातला खरा वेळ तिथेच जातो. मी २७ वर्षं पेपरात काढली. चित्राला पाऊण तास लागतो, त्याआधीचे सहा-सात तास वाचण्यात आणि फोनवर जातात. सकाळी चार पेपर, पण पहिल्या पानावरच्या बातमीवर सगळेच काढणार असतात, तू आतल्या पानावरची तीन ओळींची बातमी शोध, समितीला मुदतवाढ, टेंडर पुन्हा काढलं, असलं काहीतरी. दोनपर्यंत तीन रफ संपादकांकडे, त्यातलं एक फायनल, सहाला द्यायचं. आणि साडेपाचला एखादा आमदार पक्ष बदलतो आणि हातातलं चित्र गेलंच. म्हणून चार चित्रं कायम तयार ठेवायची. हिंदमाताला तुंबलेलं पाणी, खड्डे, पाणीकपात, लोकलची गर्दी. तुझ्या तीन कल्पना येतात त्या दिवशी दोन बाजूला काढून ठेव, कोरड्या आठवड्यात त्याच जगवतात.
आता चेहरा. नुसत्या फोटोवरून काढू नकोस, फोटोत माणूस थिजलेला असतो. त्याची भाषणं आवाज बंद करून बघ, मान कुठे वळते, दुसऱ्याचं ऐकताना ओठ कसे मिटतात, कुठला खांदा वर असतो. मी शिवाजी पार्कच्या सभांना मुद्दाम पार मागे उभा राहून काढायचो. तिथून नाकडोळे दिसतच नाहीत, दिसते ती उभं राहायची ढब, आणि अर्कचित्रातला अर्क मला तिथे सापडला, नाक मोठं करण्यात नाही. नवा मंत्री आला की वाचकालाही त्याचा चेहरा ठाऊक नसतो हे लक्षात घे. पहिले पंधरा दिवस त्याच्या हातातल्या फाइलीवर खात्याचं नाव लिही, त्याच्या एक-दोन खुणा पकड आणि रोज त्याच काढ. लोकांना ओळख पटली की नाव काढून टाक. घरचे "हा कोण?" विचारतात ना, त्यांना महिनाभर तोच माणूस दाखवत राहा.
लक्ष्मण आणि बाळासाहेब ठाकरे एका काळात फ्री प्रेस जर्नल या इंग्रजी पेपरात होते, दोघांवर ब्रिटिश व्यंगचित्रकार डेव्हिड लो यांचा प्रभाव, दोघंही ब्रश वापरणारे. तरी दोघांची चित्रं शेजारी ठेव, सही झाकलीस तरी कळतं कुठलं कोणाचं. ते वर्षानुवर्षं रोज काढून येतं, त्याला दुसरा रस्ता मला तरी दिसला नाही. आणि लक्ष्मण गिरवलेस ते चांगलंच केलंस, आता एवढंच बघ की त्यांचा कॉमन मॅन कधीच बोलत नाही. तो गप्प उभा असतो म्हणून समोरच्याचं बोलणं उघडं पडतं. पॉकेट कार्टूनमध्ये शब्द जितके खोडशील तितकं बरं.

बोरूवाली:
करारावर मी बोलते, मी १२ वर्षं फ्रीलान्स कथाचित्रं आणि मुखपृष्ठं करतेय. ती ओळ अनेकांच्या करारात असते पण म्हणून ती घ्यायलाच हवी असं अजिबात नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात अगदी पेपरच्या पगारी चित्रकारासाठीसुद्धा, वेगळा करार नसेल तर, पेपरला फक्त छापण्यापुरता हक्क मिळतो, बाकीचे हक्क काढणाऱ्याचे. तू तर फ्रीलान्स आहेस, लिहून दिल्याशिवाय हक्क जातच नाहीत. म्हणजे ती एक ओळ तुझ्याकडे आधीच असलेलं सगळं काढून घेतेय. त्यांना सांग, पेपर, ई-पेपर आणि वेबसाइट यासाठी हक्क देते, पुस्तक, प्रदर्शन, कॅलेंडर, दुसऱ्या पेपरला देणं हे माझ्याकडे. मुदत पण लिहून घे, कारण हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो. एक अपवाद लक्षात ठेव, पैसे घेऊन कोणाचं पोर्ट्रेट काढून दिलंस आणि काहीच लिहिलेलं नसेल तर त्याचा हक्क पैसे देणाऱ्याकडे जातो.
मी हे शिकले ते एका दिवाळी अंकाच्या चित्रांवरून. घाईत सही केली होती आणि दोन वर्षांनी तीच चित्रं एका कंपनीच्या डायरीवर दिसली, माझं नावही नव्हतं. दादरला स्टेशनबाहेरच्या स्टॉलवर ती डायरी हातात घेऊन उभी होते आणि आई शेजारी होती, तिला काय सांगावं कळेना. अजून आठवलं की त्रास होतो.
पैशाचं म्हणशील तर फ्रीलान्सला दहा टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कर, कापतात, रिटर्न भर म्हणजे जास्तीचा परत येतो. सरकारकडे छोट्या व्यवसायांची असते ती उद्यम नोंदणी करून टाक, ऑनलाइन आहे, फुकट आहे. ती असली की पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायला लागतात आणि नाही दिले तर सरकारकडे ऑनलाइन तक्रार करता येते. दिवाळी अंकाची कामं मे-जूनला येतात, चित्रं ऑगस्टपर्यंत जातात, मानधन मात्र मला संक्रांतीलाही मिळालंय. सहा महिन्यांचा खर्च बाजूला असल्याशिवाय नोकरी सोडू नकोस. सहाऐवजी आठवड्याला तीन कार्टून्स देऊ का असं विचारून बघ, नोकरी सांभाळून तेवढं जमू शकतं.

पान_लावणारा:
मी डेस्कवर पानं लावतो, एकच विनंती आहे. मजकूर वेगळ्या लेअरवर ठेवून फाइल पाठवू नका, आमच्याकडे तो फॉन्ट नसला की जोडाक्षरं फुटतात, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो आणि रात्री साडेदहाला चित्रकाराला फोन लावायला वेळ नसतो. हाताने लिहिलंत तर सगळ्यात उत्तम, नाहीतर कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचं चित्रात रूपांतर करून द्या. आणि पॉकेट कार्टून एका कॉलमात जातं, न्यूजप्रिंटवर शाई पसरते, दाट हॅचिंग, म्हणजे छटेसाठी जवळजवळ रेघा, केलंत की तिथे नुसता काळा ठिपका छापला जातो. छापायच्या मापाची प्रिंट काढून हातभर लांबून बघा.

शाईचा_डाग:
सगळ्यांचे खूप खूप आभार. बोरूवाली ताई, ती कायद्याची गोष्ट मला कॉलेजात कोणी सांगितली नव्हती. संपादकांना मेल केलाय, हक्कांची ओळ बदलायची आणि सुरुवातीला तीनच कार्टून्स. निब सर, आईचं राहिलं.

जुनी_निब:
हो, ते मुद्दाम मागे ठेवलं होतं, घाईत लिहायचं नव्हतं. आईची भीती खोटी नाही. २०१२ मध्ये असीम त्रिवेदी या व्यंगचित्रकाराला मुंबईत राजद्रोहाच्या तेव्हाच्या कलमाखाली अटक झाली होती. त्याच प्रकरणात २०१५ मध्ये मुंबई हायकोर्टाने सांगितलं की हिंसेला चिथावणी नसेल तर सरकारवरच्या नुसत्या टीकेला ते कलम लागत नाही. त्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने आयटी कायद्याचं ६६अ, म्हणजे ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुरासाठी शिक्षा करणारं कलम, रद्द केलं. तरी बदनामीचा खटला होऊ शकतो, फोन येतात, मलाही आलेत, दोन रात्री बहिणीकडे झोपलो होतो. म्हणून घरचा पत्ता आणि नंबर कुठेही टाकू नकोस, प्रत्येक चित्राला संपादकांचा होकार मेलवर घे, आणि चित्र छापल्यावर संपादक तुझ्या बाजूने उभे राहणार का हे आत्ताच तोंडावर विचार. या प्रश्नावर ते काय बोलतात ते मी मानधनाच्या आकड्याच्या आधी बघितलं असतं. आणि तुझ्या बाजूने एक पाळ, माणसाने केलं त्यावर काढ, त्याची जात, त्याचं आजारपण, त्याचं अपंगत्व यावर कधीही नाही. मी एकदा एका आजारी नेत्याची काठी काढली होती. लोक हसले, पण ते चित्र मी कुठल्याच प्रदर्शनात लावलेलं नाही.

शाईचा_डाग:
आईला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली संपादकांना भेटायला मी पण खालपर्यंत येते. सर, सभेला जाताना कागद कुठला नेता?

जुनी_निब:
साधी खिशात मावणारी वही आणि ४बी पेन्सिल. शाई घरी आल्यावर.