‘ताब्यात घेतले’ आणि ‘अटक केली’: फरक काय?

कसबेकर: कालच्या पेपरात एकाच बातमीत दोन वाक्यं होती. वर ‘पोलिसांनी दोघांना ताब्यात घेतले’ आणि चार ओळी खाली ‘रात्री उशिरा त्यांना अटक करण्यात आली’. मग मधल्या वेळात ते दोघे कोण होते, पाहुणे? ताबा आपण फ्लॅटचा घेतो, जमिनीचा घेतो. माणसाचा ताबा म्हणजे नेमकं काय?

प्रूफवाला: डेस्कवर बरीच वर्षं काढली म्हणून सांगतो. पोलिसांच्या प्रेसनोटमध्येच ‘चौकशीकामी ताब्यात’ असं असतं. अटकेची नोंद झालेली नसताना ‘अटक’ छापलं तर उद्या अंगाशी येतं, म्हणून उपसंपादक तोच शब्द ठेवतो. त्यात कावा नसतो, सावधपणा असतो.

एके ठिकाणी मात्र ‘ताब्यात’ हाच शब्द बरोबर. १८ वर्षांखालच्या मुलाला अटक होत नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार त्याला फक्त ताब्यात घेतात, लॉकअपमध्ये ठेवता येत नाही आणि २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. बातमीत ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ हा जीभ वळवणारा शब्द येतो तो त्यामुळेच. ‘अल्पवयीन आरोपीला अटक’ हे हेडिंग मी किती वेळा खोडलं असेल!

वकीलताई: प्रूफवाले काका, मुलांबाबतचं अगदी मान्य. पण मोठ्या माणसाबाबत हा सावधपणा कुणाच्या पथ्यावर पडतो तेही बघा. कोठडीतल्या छळाच्या तक्रारींवर मोफत काम करणाऱ्या एका संस्थेत मी असते. घरच्यांचा फोन आला की आमचा पहिला प्रश्न ‘काय केलं?’ हा नसतो, ‘किती वाजता नेलं?’ हा असतो.

कारण संविधानाच्या अनुच्छेद २२ प्रमाणे अटकेपासून २४ तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, माणूस मॅजिस्ट्रेटपुढे उभा राहिला पाहिजे. दुपारी दोनला उचललं आणि कागदावर अटक रात्री अकराची दाखवली, तर मधले नऊ तास कुठल्याच हिशेबात नाहीत. मार बसतो तो बहुतेक याच तासांत. अटक पंचनामा नाही, ससून रुग्णालयातली वैद्यकीय तपासणी नाही, घरी कळवल्याची नोंद नाही.

कायद्यात मात्र ही फट नाही. कस्टम्सच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलंय की माणसाच्या हालचालीवर बंधन आलं त्या क्षणी अटक सुरू होते, अधिकाऱ्याने कागदावर कोणतीही वेळ टाकली तरी. १९९४ चा जोगिंदर कुमार खटला तर मासलेवाईक आहे. तरुण वकील, गाझियाबादच्या पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयात बोलावला, तो दिवसेंदिवस घरी आलाच नाही. सर्वोच्च न्यायालयात पोलिसांचं उत्तर काय, तर तो अटकेत नव्हता, काही गुन्ह्यांच्या तपासात त्याची मदत घेत होतो!

कसबेकर: ताई, ‘मदत’ फारच छान! पण मग नुसतं चौकशीला बोलावणं बेकायदा का?

वकीलताई: अजिबात नाही. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सहसा आधी नोटीसच द्यायची असते. पूर्वी ती जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलम ‘एक्केचाळीस ए’ची नोटीस होती, १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३५. नोटिशीवर आलेला माणूस उठून घरी जाऊ शकतो का, एवढंच विचारा. जाऊ शकत नसेल तर ती अटक, प्रेसनोटमध्ये काहीही असो.

घरच्यांनी काय करावं, तर ठाण्यात वेळ घालून साधा अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. पोच देत नसतील तर तोच मजकूर लगेच ईमेल करावा, वेळ आपोआप पडते. शिवाय २०२० पासून सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आहे की प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही हवा आणि चित्रण १८ महिने जपायचं. ते जपून ठेवा असा अर्ज पहिल्याच रिमांडला, म्हणजे कोठडी ठरवणाऱ्या सुनावणीला, करायचा. नंतर ‘कॅमेरा बंद होता’ हे उत्तर ठरलेलं.

अटकेच्या वेळी पंचनामा, त्यावर साक्षीदाराची सही, नातेवाइकाला कळवणं, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी हे सगळं डी. के. बसू निकालातून आलं, १९९६ चा. त्याची सुरुवात एका पत्राने झाली. पश्चिम बंगालमधल्या विधी साहाय्य संस्थेच्या अध्यक्षांनी १९८६ मध्ये कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्यांची कात्रणं जोडून सरन्यायाधीशांना लिहिलेलं पत्र, तेच न्यायालयाने याचिका म्हणून दाखल करून घेतलं. म्हणून म्हणते काका, तुमच्या बातम्या पुरावा होतात. ‘दुपारी दोनच्या सुमारास ताब्यात’ एवढी वेळ छापलीत तरी आमचं अर्धं काम होतं.

प्रूफवाला: वेळ छापू. ‘अटक’ मात्र नोंद झाल्याशिवाय छापणार नाही.

कोर्टातला कारकून: कोठडीचंही एकदा नीट लिहा. शिवाजीनगर कोर्टात ‘पीसीआर’ म्हणजे पोलीस कोठडी, ‘एमसीआर’ म्हणजे न्यायालयीन कोठडी. दुसरीत माणूस येरवड्याच्या तुरुंगात जातो, पोलिसांच्या हातात राहत नाही. बातमीत नुसतं ‘कोठडी’ छापलं की आई-बाप खिडकीशी येऊन विचारतात, मुलगा नक्की आहे कुठे?

कसबेकर: आणि ‘एमपीडीएखाली स्थानबद्ध’? तेही अटकेतच धरायचं?

वकीलताई: नाही. एमपीडीए हा झोपडपट्टीदादा, धोकादायक गुंड अशांवरचा राज्याचा कायदा. त्याखाली होते ती प्रतिबंधक स्थानबद्धता, म्हणजे पुढे काही करू नये म्हणून आधीच डांबून ठेवणं. अनुच्छेद २२ मध्येच खाली तिला अपवाद केलाय, २४ तासांचा नियम तिथे लागू नाही. एक वर्षापर्यंत ठेवता येतं, आणि तेही खटला न चालवता.