चार्जिंगला लावला की टॅबलेट-लॅपटॉपचा टच बावचळतो, पॅनल बदलू का?

द्राक्षबाग_दिंडोरी

नमस्कार मंडळी. माझ्याकडे कीबोर्ड काढला की टॅबलेट आणि लावला की लॅपटॉप होतो, तसलं यंत्र आहे. विंडोज ११, आठ जीबी रॅम, टाइप-सी चार्जिंग, सोबत पेन. घरच्या बागेचा सगळा कारभार त्यावर चालतो. निर्यातीचा माल म्हटला की कोणतं औषध कधी मारलं, पीएचआय (फवारणी आणि काढणी यांच्यातलं अंतर) किती दिवसांचा, हे तारखेसकट दाखवावं लागतं. वहीतल्या नोंदी अण्णांच्या (सासऱ्यांच्या) अक्षरात असतात आणि ते अक्षर फक्त अण्णांनाच लागतं, म्हणून हे यंत्र घेतलं.

पेनाचा उपयोग तर मला बागेतच जास्त. पानाचा फोटो काढायचा, डाऊनीच्या (केवडा रोगाच्या) डागाभोवती गोल करायचा, बाजूला ओळ नंबर लिहायचा आणि सल्लागारांना पाठवून द्यायचा. फोनवर अर्धा तास समजावून सांगण्यापेक्षा हे बरं.

आता रडगाणं. शेडमध्ये चार्जिंगला लावून बसलं की बोट एकीकडे आणि क्लिक भलतीकडे. एक्सेल आपोआप मोठं-लहान होतं. परवा तर स्क्रीनवरचा कीबोर्ड स्वतःच उघडून मजुरीच्या रकान्यात सातावर सात पडत गेले. एका दुकानात दाखवलं. त्यांच्या टेबलावर मस्त चालत होता, तरी म्हणाले पॅनल गेलंय, अठरा हजार होतील.

शिवाय रात्री बंद करून बॅगेत ठेवला की सकाळी गरम निघतो आणि बॅटरी निम्मी. कीबोर्ड मध्येच ओळखत नाही, काढून लावला की ओळखतो. सध्या खरड छाटणी चालू आहे, दुपारी बागेत नेला तर दोन ओळी लिहीपर्यंत अडकतो.

रिसेट मारा असं कृपया कोणी सांगू नका. ते दुकानवाल्यांनी केलंय आणि परत सगळं भरताना माझा जीव गेला.

कॉलेजरोड_कट्टा

विका आणि साधा लॅपटॉप घ्या. ही यंत्रं टॅबलेट म्हणून जड आणि लॅपटॉप म्हणून मांडीवर टिकत नाहीत. माझ्याकडचं ओएलएक्सवर गेलं तेव्हा सुटल्यासारखं वाटलं.

सातपूर_मेंटेनन्स

ताई, अठरा हजार पर्समध्येच राहू द्या. तुमचं उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे: दुकानात चालतो, शेडमध्ये चालत नाही. पॅनल खराब असतं तर दुकानातही बावचळलं असतं. मी एमआयडीसीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे, कंपनीत टचस्क्रीनची असली नाटकं नेहमीची.

शेडमधला चार्जर कोणता? यंत्रासोबतचा तीन पिनचा, की मोबाइलचा दोन पिनचा? दोन पिनच्या चार्जरमध्ये मेन्सची (भिंतीतल्या विजेची) बाजू आणि तुमच्याकडची बाजू यांच्यामध्ये एक छोटा कपॅसिटर असतो. त्यातून अगदी किरकोळ करंट पुढे झिरपतो. चांगल्या चार्जरमध्ये त्याने धोका नसतो, पण यंत्राची धातूची पाठ जमिनीच्या मानाने तरंगत्या व्होल्टेजवर राहते. हात फिरवताना कधी पाठ खरखरीत लागली असेल तर ती हीच. आता टचस्क्रीन काम कशी करते? बोटामुळे काचेखालच्या तारांच्या जाळीतला चार्ज रेसभर बदलतो, तोच ती मोजते. त्यात हा गोंगाट मिसळला की तिला नसलेली बोटं दिसायला लागतात. स्वस्त चार्जर असेल तर गोंगाट अजून वाढतो.

खात्री करायची सोपी रीत: लॅपटॉपला चालणारी पीडीवाली (पॉवर डिलिव्हरी, टाइप-सीवरून जास्त वॉट देणारी) पॉवर बँक आणा आणि त्याच शेडमध्ये, त्याच टेबलावर तिच्यावर चार्ज करून बघा. चार्जिंग चालू, पण भिंतीशी संबंध नाही. टच नीट चालला तर यंत्र निर्दोष आहे.

मग मूळचा तीन पिनचा चार्जर लावा. तिसऱ्या पिनेचा उपयोग मात्र बोर्डात खरोखर अर्थिंग असेल तरच. बागेतल्या शेडमध्ये पिनेला भोक असतं, मागे वायर असतेच असं नाही. वायरमनकडून तपासून घ्या: फेज आणि अर्थमध्ये २३० च्या आसपास व्होल्ट दिसले पाहिजेत, न्यूट्रल आणि अर्थमध्ये जेमतेम दोन-चार. अर्थिंगला मीठ-कोळशाचा खड्डा असेल तर उन्हाळ्यात तो वाळतो आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. त्यात पाणी ओता. आणि एखादा शहाणा “न्यूट्रलच अर्थला जोडून देतो” म्हणाला तर त्याला हात लावू देऊ नका. न्यूट्रल कुठे तुटला तर अख्ख्या यंत्राच्या अंगावर फेज येतो.

आणखी एक बघाच. यंत्र गुळगुळीत फरशीवर पालथं ठेवा. डुगडुगतं का? स्क्रीनची कड कुठे उचललीय का? या प्रकारात बॅटरी थेट स्क्रीनच्या मागे असते, फुगली की काचेला आतून ढकलते आणि तेव्हाही टच वेडावाकडा होतो. तसं दिसलं तर चार्जिंग लगेच बंद, दाबून बसवायचं नाही, टाचणी तर अजिबात नाही.

अंबड_आयटी

वरच्यांनी टचचं सांगितलंय, मी झोपेचं सांगतो. या यंत्रांमध्ये स्लीप म्हणजे पूर्वीसारखी झोप नसते. मॉडर्न स्टँडबाय म्हणतात, फोनसारखं. स्क्रीन बंद, पण आत नेट जिवंत, मेल येतात, अपडेट चालतं. त्यात बॅगेत हवा नाही, म्हणून सकाळी गरम.

कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्समध्ये जा. झाकण मिटल्यावर आणि पॉवर बटण दाबल्यावर काय करायचं, हे तिथे ठरवता येतं. दोन्ही ठिकाणी हायबरनेट करा. पर्याय दिसत नसेल तर त्याच पानावर वर “चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल” असतं, ते दाबून खाली हायबरनेटला टिक करा. उघडं काम डिस्कवर उतरतं आणि करंट तोडला जातो. उठायला थोडा जास्त वेळ लागेल, तेवढंच.

कमांड प्रॉम्प्टवर पॉवरसीएफजी, मग जागा सोडून स्लॅश बॅटरीरिपोर्ट असं मारलं की एक फाइल तयार होते. त्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी हे दोन आकडे बघा. दुसरा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर बॅटरी म्हातारी झालीय.

कीबोर्डसाठी: यंत्र बंद करा, कीबोर्ड काढा आणि दोन्हीकडच्या सोनेरी पिना सुती कापडावर थेंबभर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा. थिनर-पेट्रोल नको. त्याने जमलं नाही तर बायोसच्या (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या) स्क्रीनवर जाऊन बाणाच्या कळा चालतात का पाहा. तिथे चालल्या तर दोष विंडोजकडे, नाही चालल्या तर पिनांमध्ये. तिथे काही बदलू मात्र नका. काही सेटिंग्ज हलल्या की बिटलॉकर (विंडोजचं डिस्कवरचं कुलूप) ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये बहुतेक असते, आजच बघून कागदावर लिहून ठेवा.

गंगापूररोड_खवय्या

गरम होत असेल तर दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा, आमचे काका तेच करतात.

सातपूर_मेंटेनन्स

काकांना सांगा, बाहेर काढल्यावर आत दव धरतं. पंखा नसलेलं यंत्र तापलं की स्वतःच वेग कमी करतं, तो बिघाड नाही. चाळिशीच्या उन्हात काळी पाठ वर करून ठेवू नका. सावलीत, ब्राइटनेस कमी करून वापरा आणि दुपारी चार्जिंग टाळा. कंपनीच्या ॲपमध्ये किंवा बायोसमध्ये चार्ज ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर ती चालू करा. उन्हात पूर्ण भरलेली बॅटरी लवकर मरते.

द्राक्षबाग_दिंडोरी

भावाची पॉवर बँक आणून शेडमध्ये बसले. टच लोण्यासारखा! भिंतीतला चार्जर लावला की परत नाटक. चार्जर दोन पिनचाच आहे, मोबाइलच्या दुकानातून ६५ वॉट म्हणून आणलेला. मूळचा तीन पिनचा घरातून आणून लावला तर बराच फरक पडला, पण पूर्ण गेलं नव्हतं. वायरमनने बोर्ड उघडला. हिरवी वायर होती, पण टोक नुसतंच लोंबत होतं. आता जोडलीय. अण्णांनी खड्ड्यात दोन हंडे पाणी ओतलं आणि “मोटरलासुद्धा हेच अर्थिंग होतं ना?” असं विचारलं. सगळे गप्प. उद्या स्टार्टरसुद्धा तपासायला सांगितलाय.

फरशीवर डुगडुगत नाही. हायबरनेट केलं, बॅटरी रात्रभर जिथल्या तिथे राहते. कीबोर्डच्या पिनांवर निळसर-पांढरी पूड होती, बोर्डोची (मोरचूद-चुन्याच्या फवारणीची) असणार. पुसल्यापासून बरा आहे.

दोन शंका. तो ६५ वॉटचा चार्जर टाकून देऊ का? आणि पेनाचं टोक झिजलंय, एमजी रोडला कुठलंही पेन घेतलं तर चालेल?

अंबड_आयटी

चार्जर फोनला ठेवा. डब्यावरचे ६५ वॉट पुष्कळदा त्या कंपनीच्या फोनपुरते असतात, लॅपटॉपला तोच कमी देतो. नवा घेताना अंगावरच्या बारीक अक्षरांत २० व्होल्ट, ३.२५ अँपिअर अशी ओळ आहे का ते वाचा. साधी सी-टू-सी केबल ३ अँपिअरची असते, म्हणजे २० व्होल्टला ६० वॉट. त्यावर न्यायचं तर ५ अँपिअरची केबल हवी.

पेन कुठलंही चालत नाही. एमपीपी, वॅकॉमचं एईएस आणि यूएसआय या वेगवेगळ्या जाती आहेत, एकीचं पेन दुसरीच्या काचेवर उमटत नाही. खोक्यावर किंवा कंपनीच्या साइटवर तुमच्या मॉडेलसमोर काय लिहिलंय ते बघा. पण आधी नुसती टोकं मिळतात का ते विचारा, बऱ्याच पेनांची निब चिमट्याने ओढून बदलता येते.