मदत हवी आहे : ऑनलाइन सुनावणीत 'गैरहजर' दाखवून निवाडा दिला, लवादावर दावा लावता येतो का?

आम्ही मिरज तालुक्यातले. थोरला दादा सांगलीच्या मार्केट यार्डात छोट्या टेम्पोतून हळदीची पोती वाहतो. टेम्पो फायनान्सवर घेतलाय, वहिनी सहकर्जदार. दादाच्या पायाला मार लागला तेव्हा चार हप्ते थकले. त्यातले दोन त्याने नंतर वसुलीवाल्याकडे रोख भरले, पावत्या आहेत.

मग व्हॉट्सॲपवर इंग्रजी नोटीस आली, खाली लवादापुढच्या (कर्जाचा वाद कोर्टाबाहेर सोडवायला नेमलेला पंच) व्हिडिओ सुनावणीची लिंक. त्या दिवशी मीच त्याला ती उघडून दिली. टेम्पो कडेला लावून, हमालांच्या गलक्यात तो बोलत होता. "साहेब, पावत्या हायत" हे त्याने तीनदा सांगितलं. मेलवर पाठवा म्हणाले, मी त्याच रात्री पाठवल्या. पुढे पीडीएफ आली: 3 लाख 86 हजार भरा. पावत्यांचा उल्लेख नाही, उलट 'प्रतिवादी हजर राहिले नाहीत' असं लिहिलंय. दादा दोन दिवस नीट जेवला नाही. पैशांपेक्षा मला हेच लागलंय. समोर बोलणारा माणूस आलाच नाही, असं कसं लिहितात?

हा लवाद फायनान्स कंपनीने एकटीनेच नेमला. 1996 च्या लवाद कायद्यात 2019 ला कलम 42ब आलं. लवादाने सद्भावनेने केलेल्या कामाबद्दल त्याच्यावर दावा चालत नाही, असं ते म्हणतं. हजर माणसाला गैरहजर दाखवणं सद्भावनेत बसतं का? आणि त्या कलमात नाव फक्त लवादाचं आहे. ज्या वेबसाइटने सुनावणी चालवली, रेकॉर्डिंग जिच्याकडे असेल, तिलाही हेच संरक्षण मिळतं का? जाणकारांनी कृपया सांगा.

भर (दुसऱ्या दिवशी) : मिरजेतल्या एका वकीलताईंना कागद दाखवले. त्या म्हणाल्या, लवादावरचा दावा आत्ता बाजूला ठेवा. बेइमानी होती हे आपल्यालाच सिद्ध करावं लागेल आणि त्यात मुदत निघून जाईल. आधी कलम 34 खाली निवाडा रद्द करायचा अर्ज. निवाडा हाती आल्यापासून तीन महिने, सबळ कारण दाखवलं तर आणखी 30 दिवस, त्यापुढे कोर्टही मुदत वाढवू शकत नाही. आमचे 50 दिवस गेलेत!

त्यांच्या मते आमचा भक्कम मुद्दा नेमणुकीचा आहे. निकालात ज्याचं हित आहे त्याने एकट्याने एकमेव लवाद नेमायचा नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2019 च्या पर्किन्स ईस्टमन निकालात सांगितलंय. वाद उभा राहिल्यावर दादाने लेखी संमती दिली असती तर गोष्ट वेगळी. तशी त्याने दिलेली नाही. शिवाय नुसत्या अर्जाने वसुली थांबत नाही, स्थगितीचा अर्ज वेगळा करावा लागतो. नाहीतर कंपनी दरखास्त (निवाडा अमलात आणायचा कोर्टातला अर्ज) लावून टेम्पोवर जप्ती आणू शकते.

अडचण अशी की करारात लवादाचं ठिकाण मुंबई आहे, म्हणजे अर्जही तिकडेच. ताईंनी वाट सुचवली : स्त्रियांना मोफत विधी सहाय्य मिळतं, उत्पन्नाची अट नाही, तेव्हा वहिनींच्या नावाने अर्ज करा. सांगलीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज देऊन मुंबईत वकील मिळाल्याचा कुणाला अनुभव आहे का? किती दिवस लागले? आणि रेकॉर्डिंग पुसलं जाण्याआधी वेबसाइटला कशी नोटीस पाठवावी, मसुदा असेल तर कृपया इथेच टाका.