एअरलाइनचा क्लब बदलावा का? सांगली-साताऱ्याकडनं कायम विमानानं फिरणाऱ्यांनो, तुमचे अनुभव सांगा

कृष्णाकाठ (सांगली)

मंडळी, मी सांगलीचा, पंप बसवून चालू करून द्यायचं काम करतो, त्यामुळं बॅग कायम भरलेलीच असते. आधी दिल्ली-कोलकाता जास्त असायचं आणि मी विस्तारानं जायचो, त्यांच्या क्लब विस्तारात, म्हणजे कायम फिरणाऱ्यांना पॉइंट आणि सवलती देणाऱ्या योजनेत, गोल्ड झालेलो. 12 नोव्हेंबर 2024 ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली तेव्हा पॉइंट आणि टिअर (सिल्व्हर, गोल्ड अशी पायरी) दोन्ही त्यांच्या महाराजा क्लबात आले, एकास एक, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण आता माझं काम गल्फकडं सरकलंय, दुबई, मस्कत, दोहा, आणि कंपनी त्या दिवशी जे बरं पडेल ते तिकीट काढते, कधी इंडिगो, कधी एमिरेट्स, कधी कतार. गोल्ड टिकवायला लागतात तेवढे पॉइंट यंदा भरतील असं दिसत नाही. मग आता इंडिगोच्या ब्लूचिपमध्ये जावं, एमिरेट्सचं स्कायवर्ड्स धरावं, की आहे तिथंच राहावं?

इंटरनेटवर याचे सल्ले ढीगभर आहेत, पण ते सगळे मुंबई-दिल्लीत राहणाऱ्यांसाठी. आपल्याकडं कवलापूरला विमानतळ होणार या बातम्या वाचतच पोरं मोठी झाली. सांगलीहून कोल्हापूर जवळ पण तिथनं मोजकीच विमानं, पुण्याला जायचं तर चार तास गाडीत, आणि मुंबई म्हणजे आदल्या रात्रीच निघायचं. म्हणून आपल्या भागातल्या लोकांकडनंच ऐकायचंय. कुठनं उडता, कुणाचा क्लब धरलाय, बदललात तर का बदललात, आणि बदलून फायदा झाला का, जरा सविस्तर लिहा.

विटा ते कोईमतूर

दादा, आमचा गलाईचा धंदा, आजोबांपासून तिकडंच. खानापूर-आटपाडीकडची किती घरं सोनं-चांदी गाळायला तामिळनाडू, केरळ, पार दिल्ली-कलकत्त्यापर्यंत पसरलीत ते तुम्हाला सांगायला नको. पूर्वी आम्ही रेल्वेनं मिरजेला उतरायचो, आता जत्रा, लग्न, दिवाळी आली की पोरंबाळं विमानानं येतात, कोल्हापूरला येणारं हैदराबादकडचं विमान धरतात नाहीतर पुण्याला उतरतात.

माझा अनुभव सरळ आहे. मी क्लब निवडलाच नाही, जे विमान माझ्या वेळेला आणि माझ्या गावाजवळ उतरतं त्याचाच क्लब घेतला. इंडिगोकडं पूर्वी असलं काही नव्हतंच, 2024 मध्ये ब्लूचिप आलं तसं लगेच नाव घातलं, कारण तसंही आमचं घर त्यांच्याच विमानानं फिरतंय. लाउंज (विमानतळावरची बसायची-खायची खास जागा) वगैरे आपल्याला नको, पण साठलेल्या चिपमधनं, म्हणजे पॉइंटमधनं, आईचं एका बाजूचं तिकीट निघालं तेव्हा बरं वाटलं. तुम्ही गोल्ड राहावं म्हणून पुण्यापर्यंत गाडी करून जाणार असाल तर डिझेल, टोल आणि झोप हे सगळं धरून हिशोब करा.

आणि एक, कोल्हापूरला येणारं स्टार एअर आणि ते स्टार अलायन्स (एअर इंडिया ज्यात आहे तो विमान कंपन्यांचा गट) यांचा एकमेकांशी संबंध नाही. आमच्या चुलतभावानं काउंटरवर महाराजा क्लबाचा नंबर दिला होता, तिथल्या पोरीनं नीट समजावून सांगितलं.

द्राक्षबाग तासगाव

मी युरोपला द्राक्षं पाठवतो, सीझनमध्ये रॉटरडॅम आणि फेब्रुवारीत बर्लिनचं फळांचं प्रदर्शन ठरलेलं. कृष्णाकाठ, तुमच्या प्रश्नात मला एक गोष्ट अर्धीच दिसतेय. एअरलाइन बदलणं वेगळं आणि क्लब बदलणं वेगळं. एअर इंडिया 2014 पासून स्टार अलायन्समध्ये आहे, म्हणजे लुफ्तान्सा, स्विस, टर्किश, सिंगापूर, युनायटेड यांच्यापैकी कुणाच्याही विमानात बसून मी माइल (म्हणजे पॉइंटच) महाराजा क्लबात घेऊ शकतो, किंवा उलट, एअर इंडियात बसून माइल दुसरीकडं टाकू शकतो. तिकीट काढताना जो नंबर घालाल तिथं ते जातात, विमान कुणाचं का असेना.

पण इथंच लोक फसतात. प्रत्येक तिकिटाला एक बुकिंग क्लास असतो, नुसतं एक अक्षर असतं, ई-तिकिटावर बारीक छापलेलं, आणि सगळ्यात स्वस्त अक्षरांना पार्टनरच्या क्लबात कधी पाव माइल मिळतात, कधी शून्य. मी आता प्रत्येक तिकिटाला आधी ते अक्षर बघतो, मग ज्या क्लबाची साइट आहे तिथला तक्ता उघडतो आणि मगच नंबर घालतो, पाच मिनिटाचं काम आहे.

मी महाराजा क्लब सोडलेला नाही आणि त्याचं कारण सामान. गोल्ड म्हणजे स्टार अलायन्स गोल्ड, त्यावर जिथं वजनाचा हिशोब आहे तिथं 20 किलो जादा आणि जिथं नगाचा हिशोब आहे तिथं एक नग जादा मिळतो. सॅम्पलच्या पेट्या, पॅकिंगचे नमुने, छापील कागद, हे सगळं घेऊन फ्रँकफर्टला विमान बदलायचं म्हणजे काय ते करणाऱ्यालाच कळतं. माझ्यासारख्याला पॉइंटपेक्षा तो एक नग महत्त्वाचा. पण तुमची अवजारं कंपनी कार्गोनं पाठवत असेल तर तुम्हाला त्याचं काय?

अजिंक्यतारा

साताऱ्यातनं. मी यातला जुना माणूस, म्हणून थोडं मागचं सांगतो. किंगफिशर 2012 मध्ये थांबली, जेट 17 एप्रिल 2019 ला थांबली, गो फर्स्ट 2023 च्या मे महिन्यात. म्हणजे आपल्या डोळ्यादेखत एवढ्या कंपन्या गेल्या. जेटचं वेगळं झालं, त्यांचा क्लब ही निराळी कंपनी होती म्हणून ती पुढं इंटरमाइल्स नावानं चालू राहिली आणि पॉइंट एका रात्रीत शून्य झाले नाहीत, पण ज्या विमानासाठी लोक साठवत होते तेच राहिलं नाही.

तेव्हापासून माझं धोरण ठरलंय, पॉइंट साठवायचे नाहीत, आले की वापरायचे. पॉइंटवर व्याज मिळत नाही, उलट अमुक तिकिटाला किती पॉइंट हे कंपनीच्या हातात असतं आणि ते आकडे वरच जातात. बदलायचं असेल तर जुन्या ठिकाणचे आधी खर्च करा. आणि अवॉर्ड तिकिटावर, म्हणजे पॉइंटवर काढलेल्या तिकिटावर, कर आणि इतर आकार रोख भरावे लागतात, बाहेरदेशीच्या तिकिटाला तो आकडा चांगला मोठा असतो, तो बघितल्याशिवाय फुकट तिकीट मिळालं असं म्हणू नका.

साताऱ्याची आजी

मी काही कामासाठी फिरत नाही बाबा, मुलगी न्यू जर्सीला आणि मुलगा सिंगापूरला, दोन्हीकडं आलटून पालटून जाणं होतं, तेही दरवर्षी नाही. तरी लिहिते, कारण आमच्यासारखे आईवडील प्रत्येक गल्लीत आहेत आणि त्यांचे माइल वाया जातात.

मुलानं माझं सिंगापूर एअरलाइन्सचं खातं काढलं होतं, त्या माइलची मुदत तीन वर्षं. आमचं जाणं एवढं विरळ की तिकीट होईपर्यंत जुने माइल संपून जायचे. मग मुलीनं युनायटेडचं काढून दिलं, त्यांचे माइल 2019 पासून मुदतीशिवायच आहेत, आणि तेही त्याच अलायन्समधले, म्हणून एअर इंडियानं गेले तरी नंबर तोच घालते. जो वर्षातनं दहा वेळा जातो त्याला मुदतीचं काही वाटत नसेल, पण आम्हाला तेवढं एकच बघायचं असतं.

आणखी एक सांगते, व्हीलचेअरसाठी कुठलंही कार्ड लागत नाही. तिकीट काढतानाच सांगून ठेवायचं, पैसे पडत नाहीत. आमच्या इथल्या एक बाई लवकर आत सोडतात म्हणून सिल्व्हर-गोल्ड काय ते मिळवायला निघाल्या होत्या, त्यांना म्हटलं अहो गुडघे दुखतात ना तुमचे, मग व्हीलचेअर सांगा.

डेकवरून

मर्चंट नेव्हीत आहे, घर कोरेगाव तालुक्यात. आमचं तिकीट मॅनिंग ऑफिस (जहाजावर माणसं पाठवणारं ऑफिस) काढतं, आदल्या दिवशी हातात येतं, एअरलाइन निवडायचा प्रश्नच नाही. कृष्णाकाठ, तुमचंही निम्मं तसंच दिसतंय. पैसे कंपनीनं भरले तरी माइल बसणाऱ्याच्या नावावर येतात, हे आमच्यातल्या नव्या पोरांना माहीतच नसतं. मी विमान कंपन्यांच्या तिन्ही मोठ्या अलायन्सचं एक-एक खातं काढून ठेवलंय आणि एमिरेट्सचं वेगळं, कारण ती कुठल्याच अलायन्समध्ये नाही. फ्लायदुबईनं गेलं तरी स्कायवर्ड्समध्येच जमा होतात. फक्त मरीन फेअरवर, म्हणजे खलाशांसाठीच्या खास भाड्यावर, माइल बऱ्याचदा कमी पडतात, सामान मात्र मुळातच जास्त असतं, त्यामुळं स्टेटसच्या (सिल्व्हर-गोल्डच्या) मागं लागण्यात आम्हाला अर्थ नाही.

दुबईसाठी स्कायवर्ड्समध्ये सिल्व्हर व्हायचं तर 25,000 टिअर माइल (पायरी ठरवणारे माइल), गोल्डला 50,000. मुंबई-दुबई अंतर जेमतेम बाराशे मैल, त्यात स्वस्तातली इकॉनॉमी, म्हणजे नुसतं दुबईला येऊन-जाऊन ते भरायला फार वेळ लागणार. पुढं युरोप-आफ्रिका असेल तर गोष्ट वेगळी.

कराडकर

मी आयटीवाला, पुण्यात राहतो, दर शनिवारी कराडला. माझं मत जरा वेगळं पडेल. लाउंजसाठी स्टेटस हे जुनं झालं, भारतातल्या विमानतळांवर क्रेडिट कार्डावर लाउंज मिळतंच, हल्ली बँकांनी अमुक इतका खर्च केला तरच अशी अट घातलीय तेवढं बघा. माझे खरे पॉइंट कार्डावर साठतात आणि मी ते तिथंच ठेवतो. कार्डाचे पॉइंट एकदा एअरलाइनच्या क्लबात टाकले की परत येत नाहीत, म्हणून तिकीट समोर दिसल्याशिवाय टाकायचे नाहीत. असं केलं की कुठला क्लब हा प्रश्न शेवटच्या दिवसापर्यंत मोकळा राहतो.

द्राक्षबाग तासगाव

कराडकर, लाउंजचं पटलं. पण हिवाळ्यात धुक्यानं विमान रद्द होतं आणि काउंटरपुढं शेदोनशे माणसं उभी असतात तेव्हा क्रेडिट कार्ड कामाला येत नाही. मी दिल्लीत अडकलो होतो, प्रीमियमच्या रांगेत माझ्यापुढं एकच म्हातारं जोडपं होतं, त्यांचं झालं की मला दुसऱ्या विमानात बसवलं, आणि शेजारच्या रांगेतली लहान मुलं जमिनीवर बॅगांवर झोपलेली मी बघितली. त्या दिवसापासून स्टेटस फुकटचा मान आहे असं मी म्हणत नाही.

मिरज जंक्शन

स्टेटस मॅचबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. एका कंपनीत गोल्ड असलं की दुसरी कंपनी तेवढंच स्टेटस काही महिन्यांसाठी देते, कधी सरळ देते, कधी ठरावीक मुदतीत ठरावीक प्रवास करून दाखवा म्हणते. कार्डाचा फोटो आणि अलीकडचं स्टेटमेंट मागतात, ज्यात नाव, टिअर आणि झालेले प्रवास दिसतात. बहुतेक ठिकाणी अशी संधी एकदाच, म्हणून पुढचे तीन-चार महिने प्रवास पक्का असेल तेव्हाच अर्ज करा, पावसाळ्यात काम बंद असताना करू नका. आणि गोल्ड हातात आहे तोवर करा, उतरल्यावर दाखवायला काही राहत नाही. माझा एका परदेशी कंपनीकडचा अर्ज दोन महिने तसाच पडून होता, रोज मेल बघायचो, शेवटी उत्तर आलं तेव्हा माझं जुनं कार्ड संपत आलेलं.

दुसरं म्हणजे नाव. आपल्या पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं, आणि क्लबात आपण नुसतं स्वतःचं नाव आणि आडनाव घालतो. मग तिकिटाशी नाव जुळत नाही आणि माइल जमाच होत नाहीत. माझ्या बायकोचे लग्नानंतरच्या पहिल्याच मोठ्या प्रवासाचे असेच अडकले, बोर्डिंग पास ठेवला होता म्हणून मागाहून क्लेम करता आला. नवीन खातं काढणार असाल तर पासपोर्ट समोर ठेवून जसंच्या तसं नाव घाला आणि माइल दिसेपर्यंत पास फेकू नका.

अजिंक्यतारा

नवी मुंबईचं विमानतळ 25 डिसेंबर 2025 पासून सुरू झालंय तेही धरा. आम्हा साताऱ्याच्या लोकांना एक्सप्रेसवेनं उतरलं की मुंबईत न शिरता जाता येतं, तिथनं गल्फची विमानं कुणाची सुटतात यावर माझं पुढचं सगळं ठरणार आहे.

कृष्णाकाठ (सांगली)

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी घरबसल्या सांगितलं नसतं. काल रात्री बसून गेल्या वर्षीची तिकिटं काढली आणि तासगावच्या भाऊंनी सांगितलं तसं बुकिंग क्लासचं अक्षर बघत गेलो. माझी निम्म्याहून जास्त तिकिटं अशी निघाली की ज्यांचा स्टार अलायन्सशी संबंधच नाही, म्हणजे मी कितीही जपलं तरी गोल्ड जाणारच होतं.

तर असं करतोय. गोल्ड अजून काही महिने आहे, तेवढ्यात कतारकडं किंवा गल्फमधल्या दुसऱ्या एखाद्या कंपनीकडं मॅच मिळतोय का ते विचारतो, कारण दोह्याचं काम पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पक्कं आहे, आणि कतारचे एव्हिओस (त्यांचे पॉइंट) ब्रिटिश एअरवेजकडंही नेता येतात. कोल्हापूरहून जे होईल ते ब्लूचिपमध्ये. स्कायवर्ड्सचं खातं काढून ठेवतो पण त्याच्या मागं लागत नाही. महाराजा क्लबातले पॉइंट मात्र पडू द्यायचे नाहीत, आईवडिलांना कधीपासनं काशीला जायचंय, पुण्याहून दिल्लीमार्गे वाराणसी आजच शोधतोय, दोघांचं जातानाचं तरी त्यात बसेल असं दिसतंय. आजी, वडिलांची व्हीलचेअरही तिकिटासोबतच सांगून ठेवतो.