भेट म्हणून देण्यासाठी घरी केलेले सॉस आणि मोहरी: कोणते टिकते, कोणते टिकत नाही?

अबोली

नमस्कार. साधारण दीड महिन्याने बारा जणांना घरी केलेल्या तोंडीलावण्यांच्या बरण्या भेट द्याव्यात असा माझा विचार आहे. दाणेदार मोहरी (भरडलेली मोहरी व्हिनेगरमध्ये कालवून केलेले तोंडीलावणे), टोमॅटो केचप, आंबवलेल्या मिरचीचा सॉस, लसणाचे तेल आणि मेयॉनेज असे पाच पदार्थ मी मनाशी योजले असून बरण्या २०० मिलिलिटरच्या आहेत.

विचारण्याचे कारण असे की, मागच्या वेळी मी नुसते केचप दिले होते. त्यातील दोन बरण्यांची झाकणे महिन्याभरात फुगली आणि एकीत बुरशी धरली. मैत्रिणीने ते संकोचत सांगितले, म्हणून मला कळले तरी. इतरांनी काय केले असेल, या विचाराने मला अजून वाईट वाटते. बरण्या मी साबणाने स्वच्छ धुऊन, पुसून कोरड्या केल्या होत्या आणि केचप कोमट झाल्यावर भरले होते. माझे नेमके कोठे चुकले, आणि या पाचांपैकी कोणते पदार्थ दुसऱ्याच्या घरी निर्धास्तपणे पाठवता येतील, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

केवडा

तुमची चूक पाककृतीत नसून बरणी भरण्यात झाली आहे. कोमट केचप आणि केवळ धुतलेली बरणी यांचा मेळ बसला की, हवेतून आलेल्या यीस्टला आणि बुरशीला साखर, ओलावा आणि ऊब एकाच जागी मिळते. झाकण फुगले ते आत किण्वन, म्हणजे आंबण्याची क्रिया, होऊन वायू साठल्यामुळे.

मात्र भेट देताना बुरशीहून महत्त्वाचा विचार आम्लतेचा आहे. आपण स्वतःसाठी केलेला पदार्थ फ्रिजमध्ये राहतो आणि आठवड्याभरात संपतो; भेट दिलेली बरणी कपाटात किती महिने पडून राहील, ती केव्हा उघडली जाईल, हे आपल्या हाती नसते. म्हणून मी एकच कसोटी लावते. पदार्थाचा सामू, म्हणजेच पीएच (आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त), ४.६ पेक्षा निश्चितपणे खाली असेल तरच तो पदार्थ द्यायचा. त्या मर्यादेच्या खाली बोट्युलिझमचे, म्हणजे अन्नातून होणाऱ्या एका जीवघेण्या विषबाधेचे, जिवाणू वाढून विष तयार करू शकत नाहीत. टोमॅटोची अडचण अशी की त्याचा सामू जातीनुसार आणि पिकण्यानुसार साधारण ४.३ ते ४.९ असा बदलतो, म्हणजे तो नेमका या सीमारेषेवर रेंगाळतो. चव आंबट लागली म्हणून तो पुरेसा आम्ल आहे असे समजू नये, कारण गोडवा आंबटपणाला झाकतो आणि आंबटपणा गोडव्याला.

साडेतीन किलो पिकलेल्या टोमॅटोंचे आटवून जेमतेम एक लिटर केचप होते. त्यासाठी ५ टक्के आम्लतेचे सुमारे २३० मिलिलिटर व्हिनेगर, १०० ग्रॅम साखर आणि २३ ग्रॅम मीठ घ्यावे. बाटलीवर आम्लतेची टक्केवारी छापलेली नसेल तर ते व्हिनेगर या कामाला वापरू नये. रस गाळून पसरट भांड्यात आटवावा, कारण खोल पातेल्यात वेळही जातो आणि तळ लागून रंग काळपट होतो. बशीत चमचाभर केचप घातल्यावर कडेने पाणी सुटले नाही की ते झाले असे समजावे. दाटपणासाठी कॉर्नफ्लोअर घालण्याचा मोह टाळावा. पिठाळ पदार्थात उष्णता मध्यापर्यंत नीट पोहोचत नाही.

केचप उकळते असतानाच गरम बरणीत, वर सुमारे अर्धा सेंटिमीटर जागा सोडून भरावे, काठ पुसून झाकण लावावे आणि बरण्या पूर्ण बुडतील एवढ्या उकळत्या पाण्यात १५ मिनिटे ठेवाव्यात. तुम्ही समुद्रसपाटीपासून ३०० मीटरपेक्षा उंचावर राहत असाल तर हा वेळ वाढवावा लागतो, कारण उंचीवर पाणी १०० अंशांच्या आतच उकळते. भरलेली बरणी नुसती उलटी करून ठेवण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी सुचवलेली दिसते, पण ती या पंधरा मिनिटांची जागा घेऊ शकत नाही.

मेयॉनेज मात्र यादीतून काढून टाकावे. त्यात कच्चे अंडे असते आणि ते फ्रिजबाहेर प्रवास करण्याच्या योग्यतेचे नाही. घरी करावे, दोनतीन दिवसांत संपवावे.

निशिगंध

केवडा यांनी केचपबद्दल सविस्तर लिहिलेच आहे. माझ्या मते या पाचांत भेट देण्यास सर्वांत योग्य वस्तू मोहरी आहे आणि ती करण्यासारखे आनंददायक काम स्वयंपाकघरात क्वचितच असते, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

अख्खी मोहरी हातात घेऊन हुंगली तर तिला जवळजवळ वासच नसतो. तिचा झणका दाण्यात तयार स्थितीत नसून दाणा फुटल्यावर आणि त्याला पाणी लागल्यावर जन्माला येतो. दाण्यात एका बाजूला मायरोसिनेज नावाचे विकर (एन्झाइम) असते आणि दुसऱ्या बाजूला ग्लुकोसिनोलेट ही संयुगे; वाटताना त्यांची गाठ पडली की नाकात चढणारे तिखट तेल तयार होते. मोहरी फेसताना ती हळूहळू डोक्यात का चढत जाते, याचे उत्तर यातच आहे. काळ्या आणि तपकिरी मोहरीतले हे तेल उडून जाणारे असल्याने ती नाकाला झोंबते. पिवळ्या मोहरीचा तिखटपणा जिभेवर राहतो. दोन्ही निम्म्या निम्म्या घेतल्या तर चवीला खोली येते.

आता यात कळीचा मुद्दा पाण्याचा आहे. पाणी गार घ्यावे, कारण गरम पाण्याने ते विकर निकामी होते आणि मोहरी मुकी पडते. व्हिनेगर आरंभीच ओतले तरी विकराचे काम मंदावते. म्हणून १०० ग्रॅम मोहरी जाडसर भरडून तीत ६० मिलिलिटर गार पाणी कालवावे, दहा मिनिटे थांबावे आणि झणका पुरेसा चढल्यावर १२० मिलिलिटर व्हिनेगर, ८ ग्रॅम मीठ आणि हवा असल्यास चमचाभर मध घालावा. आम्लामुळे तो तिखटपणा आहे त्या ठिकाणी स्थिरावतो. सौम्य मोहरी हवी असेल तर दहा मिनिटे न थांबता व्हिनेगर लगेच घालावे.

पहिल्या दिवशी ही मोहरी इतकी कडवट लागते की सगळा घाणा बिघडला असे वाटून नवखा माणूस ती टाकून देतो. तसे करू नये. झाकून फ्रिजमध्ये ठेवल्यास चारपाच दिवसांत कडवटपणा ओसरतो आणि दोन आठवड्यांनी ती खरी चवीला येते. तुमच्याजवळ दीड महिना आहे, तेव्हा भेटीच्या तीन आठवडे आधी करायला घ्यावी. दाणे भिजून फुगतात आणि मिश्रण घट्ट होते. तसे झाल्यास पाणी न घालता व्हिनेगरच घालून सैल करावे.

वाचनमात्र

लसणाच्या तेलाबद्दल अद्याप कोणी लिहिलेले नाही. आमच्या घरी कित्येक वर्षे ताज्या लसणाच्या पाकळ्या तेलात घालून बाटली ओट्यावरच ठेवली जाते आणि आजवर कोणालाही त्रास झालेला नाही. त्यामुळे ही भीती थोडी अतिरंजित असावी, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

केवडा

वाचनमात्र, तुमच्या घरी त्रास झाला नाही ही आनंदाची गोष्ट आहे, पण कृपया ही पद्धत सोडून द्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. लसूण मातीत वाढतो, त्याच्यासोबत बोट्युलिझमच्या जिवाणूंचे बीजाणू, म्हणजे त्यांची सुप्त, चिवट रूपे, येऊ शकतात, आणि तेलाखाली त्यांना हवे तेच मिळते: प्राणवायूचा अभाव, ओलावा आणि कमी आम्लता. हे बीजाणू साध्या उकळण्याने मरत नाहीत. त्यांना १२१ अंशांचे तापमान लागते, जे केवळ दाबाखालीच गाठता येते. १९८५ साली कॅनडातील व्हॅंकूव्हर येथे तेलात साठवलेल्या चिरलेल्या लसणामुळे ३६ जणांना बोट्युलिझम झाला होता. ते विष तयार झाले तरी तेलाचा रंग, वास किंवा चव बदलेलच असे नाही, म्हणून चाखून पाहण्याचा उपाय येथे चालत नाही.

घरच्यासाठी करायचेच असेल तर थोडे करावे, लगेच फ्रिजमध्ये ठेवावे आणि चार दिवसांत संपवावे. भेटीसाठी मात्र पूर्ण सुकवलेला लसूण, सुकी मिरची आणि सुकी पाने यांचे मिश्रण कोरड्या बरणीत द्यावे आणि जेवणाआधी त्यावर तेल ओतून घेण्यास सांगावे. चव मिळते आणि काळजीही राहत नाही.

वाचनमात्र

हे मला माहीत नव्हते. ओट्यावरची बाटली आजच टाकून देतो.

मिरचीच्या सॉसचा अनुभव मात्र सांगू शकतो, कारण तो मी दर वर्षी करतो. मिरच्या आणि लसूण मिळून ५०० ग्रॅम असल्यास १२.५ ग्रॅम, म्हणजे अडीच टक्के, मीठ घालावे. हे मीठ काट्यावरच मोजावे. बारीक आणि जाड मिठाचा एकच चमचा वजनाला बराच वेगळा भरतो. सगळे वाटून, वर थोडी जागा सोडून बरणीत भरावे आणि मिश्रण रोज दाबून रसाखाली राहील असे पाहावे. दोनतीन दिवसांत बुडबुडे दिसू लागतात, तेव्हा झाकण रोज क्षणभर सैल करावे. वर पातळ पांढरी साय आली तर ती बहुधा यीस्टची असते आणि काढून टाकता येते. केसाळ, हिरवी वा काळी बुरशी आल्यास मात्र सगळेच टाकावे.

दोनतीन आठवड्यांनी सामू पट्टीने तपासावा आणि तो ४ च्या खाली आल्याशिवाय पुढे जाऊ नये. भेट द्यायची असल्यास त्यात थोडे व्हिनेगर घालून काही मिनिटे उकळणे आवश्यक आहे. न उकळता भरलेल्या बाटलीत किण्वन चालूच राहते आणि ती उघडताना सॉस छतापर्यंत उडू शकतो. उकळताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात, कारण ती वाफ घशाला फार झोंबते.

अबोली

सर्वांचे मनापासून आभार. मोहरी, केचप, मिरचीचा सॉस आणि सुक्या लसणाचे मिश्रण असे चार पदार्थ मी निश्चित केले आहेत. मिरची याच आठवड्यात आंबवायला घालते. बरणीवर नेमके काय लिहावे आणि झाकण पक्के बसले आहे हे कसे ओळखावे, एवढे सांगावे.

केवडा

पदार्थाचे नाव, केल्याची तारीख, सर्व घटक, आणि "उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवावे" एवढे लिहावे. मोहरीच्या बरणीवर "फ्रिजमध्येच ठेवावी" असे लिहावे. काही लोकांना मोहरीची तीव्र ॲलर्जी असते, म्हणून केचपमध्ये चिमूटभर मोहरी घातली असली तरी तिचा उल्लेख टाळू नये. झाकणे आतून लेप दिलेली घ्यावीत. उघड्या धातूला व्हिनेगर खाते.

पाण्यातून काढलेल्या बरण्या चोवीस तास हलवू नयेत. त्यानंतर झाकणाच्या मध्यावर बोट दाबावे. तो भाग खाली बसलेला आणि स्थिर असेल तर बरणी पक्की आहे. तो वर-खाली होऊन टक् असा आवाज आला तर ती बरणी भेटीतून वगळून स्वतःच्या फ्रिजमध्ये ठेवावी आणि आधी संपवावी.