आधी केबल, मग मीटर

जुन्या मोटो गुझ्झीच्या (इटालियन मोटारसायकल) स्पीडोमीटरचा काटा ताशी ८० च्या आसपास थरथरतो, काय करावं, या प्रश्नावर वर कुणीतरी थेट मीटर उघडा म्हटलंय. हा सल्ला घाईचा वाटतो. वेग्लिया बोर्लेत्ती या इटालियन कंपनीच्या त्या मीटरची कडा दाबून बसवलेली असते, एकदा उचकटली की तशीच परत बसवताना घाम फुटतो. किलोमीटरचे आकडे नीट पुढे सरकत असतील तर आधी मीटर फिरवणारी केबल बघा. दोन्ही टोकं सोडवून आतली तार बोटांनी फिरवा. अडखळून झटका देत फिरली तर दुखणं तिथेच.

केबलच्या तारेला ग्रीस लावण्याबद्दल मात्र इथे कुणीच लिहिलं नाही. मी हौसेने अख्खी तार माखली होती. फिरता फिरता ग्रीस वर चढलं आणि मीटरात शिरलं. आत चुंबक फिरतो, त्याच्या ओढीने अॅल्युमिनियमची वाटी वळते, पण दोघं एकमेकांना टेकत नाहीत. मधल्या फटीत ग्रीस भरलं की वाटी चुंबकाबरोबर फरफटत जाते. दुसऱ्या गिअरमध्ये माझा काटा १४० वर! (शेजारचा पोरगा भलताच खूश.) शेवटी कडा उचकटावीच लागली. आता मीटरकडची वीतभर तार कोरडीच ठेवतो.